आपली कल्हई आपणच करणारें पोलाद

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें मोशीपाशीं इंद्रायणी ओलांडली म्हणजे चिंबळी लागते आणि चिंबळीपुढें कुरुळी हें गांव येतें. गांव खेड तालुक्यांतलें. उत्तरेस थोड्या अंतरावर चाकण. इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या अफाट फौजेशीं ज्याच्या आश्रयानें जवळ जवळ दोन महिने झुंज दिली, तो भुईकोट तेथेंच आहे. पुढें चाकणचें नांव कांद्याच्या बाजारासाठीं निघूं लागलें आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं निघतें. मोठ्या वडाच्या पारंब्या जशा आजूबाजूला उतरतात, तसे मोठ्या कारखान्यांभोंवतीं लहान कारखाने उतरतात. कुरुळी, चिंबळी, निघोजे, महाळुंगे या गांवांच्या शिवारांत जेथें ज्वारी-बाजरी होई, तेथें पत्र्याच्या छपरांचे गाळे उभे राहिले आहेत. या गाळ्यांत जे पत्रे कापतात, वांकवितात व जोडतात, त्यांतील एका जातीच्या पत्र्यावर ‘३०४’ हा आंकडा छापलेला असतो.

ज्या घरांत हें भाषण ऐकलें जाईल, त्या घरांतील ताट, वाटी, पेला, डबा हींहि बहुधा त्याच कुळांतलीं असतील. मात्र त्यांच्या तळाशीं तो आंकडा असेलच असें नाहीं. या न-असण्याला महत्त्व आहे. तें पुढें येईल. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, हें पोलाद आलें कोठून आणि त्यानें कोणाची जागा घेतली.

पन्नास-साठ वर्षांपूर्वींपर्यंत महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घराची ऐपत तांब्यापितळेवरून जोखली जात असे. पाण्याचा हंडा तांब्याचा, बंब तांब्याचा, घंगाळ तांब्याचें. कळशा, पातेलीं, पराती, डबे पितळेचे. या धातूंचे गुण मोठे आहेत. चुलीची उष्णता तीं भांडीं क्षणांत सर्वांगीं पसरवितात, हातोडीखालीं हवा तो आकार घेतात, आणि जुनीं झालीं तरी मोडीला भाव येतो. दोष एकच, परंतु तो जिवावरचा. आंबटाशीं त्यांचें वैर आहे. ताक, चिंच, आमसूल यांतील आम्ल तांब्याला खातें, पदार्थावर हिरवी छटा येते, चव कडवट होते आणि तो पोटांत गेला तर ओकाऱ्या होतात. मराठींत या प्रकाराला ‘कळकणें’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या लोकांना एवढ्या एका गोष्टीसाठीं वेगळें क्रियापद लागलें, त्यांनीं ती किती वेळां भोगली असेल याची कल्पनाच करावी.

यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशीं जमिनींत लहानसा खळगा करी, भात्याचें तोंड त्यांत बसवी, कोळसे फुलवी आणि भांडें चिमट्यानें धरून तापवी. त्यावर नवसागराची पूड पडली कीं पांढरा धूर उठे. नवसागरामुळें भांड्याचें अंग स्वच्छ होतें व कथील चिकटतें. मग कथलाची कांडी तापल्या अंगाला टेंकवावयाची आणि कापसाच्या बोळ्यानें ती चांदणी झरझर फिरवावयाची. भांडें पाण्यांत बुडालें कीं चर्र आवाज होई व भोंवतीं जमलेलीं मुलें खूष होत. परंतु ही चांदणी टिकणार किती? कथील मऊ, राखेनें रोज घांसतां घांसतां तें कांहीं महिन्यांत झिजे. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें, त्यामुळें भांडें रिकामें चुलीवर राहिलें तरी कल्हई उतरे. मग पुन्हां कल्हईवाल्याच्या हांकेची वाट पाहावयाची. तो आठवडाभर उशिरां आला तर त्या आठवड्यांत घरांत कढी कशांत करावयाची हा प्रश्न गृहिणीपुढें असे. दगडी, मातीचें व कल्हईचें भांडें यांचें वेळापत्रक तिच्या डोक्यांत बसलेलें असे, आणि त्या वेळापत्रकांत चूक झाली तर पंक्तीच्या पंक्तीला बाधा होई.

३०४ हें पोलाद जें करतें तें कल्हईच्याच जातीचें काम आहे. त्याला गंज चढत नाहीं अशी समजूत आहे. वस्तुतः तें लोखंडापेक्षां अधिक तत्परतेनें प्राणवायूशीं संयोग पावतें. या पोलादांत क्रोमियम नांवाचा धातु शेंकडा अठरा ते वीस असतो. क्रोमियम प्राणवायूला फार लोभी. पोलादाचें नवें अंग हवेला लागतें न लागतें तोंच वरच्या थरांतील क्रोमियमचा एक पापुद्रा बनतो. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दोन-तीन भागांइतकी याची जाडी. तेव्हां तो डोळ्यांस दिसण्याचा प्रश्नच नाहीं. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यांतून पाणी व हवा आंत शिरत राहते आणि गंज गंजाला वाढवितो. क्रोमियमचा पापुद्रा दाट व घट्ट धरून बसणारा आहे. तो बसला कीं खालच्या धातूला हवा भेटत नाहीं. काथ्यानें घांसून किंवा सुरीनें ओरखडून तो निघाला, तरी उघड्या जागीं हवा लागतांच नवा धरतो. कथील भांड्याच्या अंगांतच मुरलेलें असावें आणि हवेनेंच कल्हईवाल्याचें काम करावें, असा हा प्रकार आहे. मात्र पापुद्रा सलग राहण्यास क्रोमियम शेंकडा साडेदहाच्या वर असावें लागतें. त्याखालीं तो फाटका राहतो.

या पोलादाच्या कुळकथेचा एक धागा मुंबईंत सांपडतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. इ. स. १७९४ मध्यें मुंबईंतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस एका देशी पोलादाचे नमुने धाडले. त्याला ते ‘वुट्झ’ म्हणत. दक्षिणेंत म्हैसूर, सेलम व हैदराबादच्या मुलुखांत लोहार मातीच्या बंद मुशींत लोखंड, लांकडाचे तुकडे व पाला घालून तें करीत. पश्चिम आशियांतील नामांकित तरवारी अशाच पोलादाच्या असत. १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर सोसायटीपुढें निबंध वाचला आणि मथळ्यांत हें पोलाद मुंबईस बनतें असें लिहून टाकलें. पाठविणाऱ्याचा पत्ता तोच मालाचा जन्मगांव, ही समजूत त्या काळच्या विद्वानांतहि होती असें दिसतें.

लंडनमध्यें शस्त्रक्रियेचीं हत्यारें व चाकू करणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या मोहांत पडले. त्याचें रहस्य काढण्यासाठीं त्यांनीं तरुण मायकेल फॅरडे यांस बरोबर घेतलें. विजेच्या शोधांमुळें फॅरडे यांचें नांव शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं वुट्झचें पृथक्करण केलें होतें आणि तें १८१९ मध्यें प्रसिद्ध झालें. पोलादांत निरनिराळे धातु मिसळून त्याच्या तोडीचें कांहीं करतां येईल काय, हें त्या दोघांनीं पुढील दोन-तीन वर्षें पाहिलें. प्लॅटिनम मिसळलें, रुपें मिसळलें, निकेल मिसळलें, क्रोमियमहि मिसळलें. त्यांचे प्रयोग वाचून फ्रान्सांतील पिएर बेर्तिए यांनीं १८२१ मध्यें क्रोमियमचें प्रमाण वाढविलें, तों त्यांना आढळलें कीं असें लोखंड आम्लाला सहसा दाद देत नाहीं. चाकूसुऱ्यांस तें उपयोगी पडेल असेंहि त्यांनीं सुचविलें.

म्हणजे औषध १८२१ मध्येंच दिसलें होतें. तरी तें बाजारांत येण्यास नव्वद वर्षें लागलीं, आणि या उशिराचें कारण कर्ब. कोळशाचा जो मूळ पदार्थ तो कर्ब. लोखंडांत तो थोडा मिसळला कीं पोलाद होतें, फार मिसळला कीं तें ठिसूळ होतें. त्या काळचें क्रोमियम कोळशाच्या साहाय्यानेंच काढीत, म्हणून त्याबरोबर भरपूर कर्ब येई. कर्बाची क्रोमियमशीं मोठी सलगी. तो क्रोमियमला धरून त्याचे वेगळे कण करतो आणि पापुद्र्यासाठीं क्रोमियम शिल्लक उरत नाहीं. १८९५ मध्यें जर्मनींत हान्स गोल्डश्मिट यांनीं ॲल्युमिनियमच्या साहाय्यानें कर्बरहित क्रोमियम काढण्याची रीति शोधली, तेव्हां ही गांठ सुटूं लागली. १९११ मध्यें फिलिप मोनार्ट्झ यांनीं क्रोमियम शेंकडा बाराच्या सुमारास गेलें म्हणजे गंजाचा जोर एकाएकी कसा ओसरतो तें दाखवून दिलें. कर्बाचें नांव येथें नीट ध्यानांत ठेवावें. या कथेंतला खलपुरुष तोच आहे व तो पुन्हां येणार आहे.

यानंतरच्या दोन वर्षांत शोध दोन ठिकाणीं लागला. इंग्लंडांत शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली हे पोलाद वितळविणाऱ्या एका कामगाराचे पुत्र. बाराव्या वर्षीं शाळा सुटली, पुढें कारखान्याच्या प्रयोगशाळेंत बाटल्या धुण्याचें काम मिळालें आणि तेथेंच रात्रीचा अभ्यास करून ते रसायनज्ञ झाले. १९१२ मध्यें त्यांच्याकडे बंदुकीच्या नळ्या आंतून झिजण्याचा प्रश्न आला. त्यासाठीं त्यांनीं १३ ऑगस्ट १९१३ रोजीं ओतविलेल्या पोलादांत क्रोमियम शेंकडा १२.८ व कर्ब ०.२४ होता. सूक्ष्मदर्शकाखालीं धातु पाहावयाचा तर त्याचें तोंड आधीं आम्लानें थोडें खावें लागतें. हा तुकडा आम्लाला जुमानीना. नळ्यांपेक्षां जेवणाच्या सुऱ्यांना हें पोलाद बरें, असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु मालकांना त्यांत गोडी वाटली नाहीं, आणि शेफील्डचे चाकू करणारे, न कापणारे चाकू शोधणारा म्हणून त्यांची थट्टा करूं लागले. शेवटीं अर्नेस्ट स्टुअर्ट नांवाच्या एका जाणत्यानें तें व्हिनेगरमध्यें टाकून पाहिलें व डाग पडेना असें पाहून त्याला ‘स्टेनलेस’ म्हटलें. तांब्याचें जें वैर आपल्या ताकाशीं, तेंच इंग्रजी सुरीचें व्हिनेगरशीं. ब्रिअर्ली यांनीं पुढें हक्कांच्या भांडणांतून ती नोकरी सोडली. त्यांनीं केलेलें पोलाद कठीण, धार धरणारें व चुंबकाला चिकटणारें होतें. त्याची सुरी होते. पातेलें होत नाहीं.

पातेल्याचें पोलाद जर्मनींत एसेन येथें क्रुपच्या कारखान्यांत निघालें. तेथें बेनो श्ट्राउस व एडुआर्ड माउरेर भट्टीची उष्णता मोजणाऱ्या उपकरणांच्या नळ्यांसाठीं धातु शोधीत होते. प्रयोगशाळेंत आम्लांच्या वाफा नेहमींच असावयाच्या. त्यांत दीर्घकाळ पडलेल्या तुकड्यांपैकीं कांहीं जसेच्या तसे चकचकीत राहिले आहेत, हें माउरेर यांच्या नजरेस आलें. त्या तुकड्यांत क्रोमियमबरोबर निकेलहि होतें. १९१२ च्या अखेरीस कारखान्यानें त्याचे हक्क नोंदविले. पुढें १९२४ मध्यें शेफील्डला ब्रिअर्ली यांच्या जागीं आलेले विल्यम हॅटफील्ड यांनीं प्रमाण नक्की केलें: क्रोमियम अठरा, निकेल आठ. हेंच ‘अठरा-आठ’. अमेरिकन यादींत त्याला ३०४ हा आंकडा मिळाला व आज जगभर तोच चालतो. कर्ब शेंकडा ०.०८ हून अधिक नसावा, ही त्यांतली अट आहे.

निकेल येथें काय करतें? लोखंड फार तापलें म्हणजे त्याच्या अणूंची मांडणी बदलते; त्या मांडणींत तें मऊ असतें व चुंबकाला ओढलें जात नाहीं. निवतांच तें मूळच्या मांडणीवर येतें. क्रोमियमच्या जोडीला शेंकडा आठ निकेल असलें कीं ही तापलेपणाची मांडणी निवल्यावरहि कायम राहते. त्यामुळें अठरा-आठच्या एका वाटोळ्या चकतीला दाबयंत्राखालीं धरून खोल पेला ओढतां येतो आणि तो फाटत नाहीं. द्रवरूप नायट्रोजनच्या उणें १९६ अंशांच्या थंडींतहि तें साध्या पोलादासारखें ठिसूळ होत नाहीं. जोडकाम चांगलें होतें. दुधाच्या टांक्या, औषधांचीं पात्रें, शस्त्रक्रियेच्या खोलींतील मेजें, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टांक्या, रासायनिक कारखान्यांचे नळ हीं सर्व त्याचीं क्षेत्रें. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचा १९३० मध्यें पुरा झालेला कळस याच कुळांतल्या पत्र्यानें मढविलेला असून तो अजून चमकतो.

अवगुणहि सांगितले पाहिजेत. उष्णता वाहून नेण्यांत हें पोलाद तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचेंहि नाहीं. ज्योत जेथें लागते तेथेंच तें तापतें, म्हणून पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यांत दूध लागतें व खिचडी करपते. यावर कारखानदारांनीं बुडाला तांब्याचा मुलामा देण्याची युक्ति काढली. ज्या धातूला घराबाहेर घालविलें त्यालाच बुडाशीं बोलवावें लागलें. दुसरें, ठोकतां-ओढतां तें कठीण होत जातें. पुढचा घाट करण्यापूर्वीं सुमारें १०५० अंशांपर्यंत तापवून झटकन् निववावें लागतें. तिसरें वैगुण्य जोडकामाचें, आणि येथें कर्ब पुन्हां येतो. सांधा वितळतांना त्याच्या दोन्ही बाजूंस कोठेंतरी ४५० ते ८५० अंशांचा पट्टा सांपडतो. त्या पट्ट्यांत कर्ब कणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला गिळतो, तेवढी रेघ उघडी पडते आणि कांहीं दिवसांनीं टांकी नेमकी सांध्याच्या कडेनें गळूं लागते. कर्ब ०.०३ पर्यंत खालीं आणणें हा त्यावरचा खरा उपाय, पण भट्टींत कर्ब जाळावा तर त्याबरोबर महागाचें क्रोमियमहि जळे. १९५४ मध्यें अमेरिकेंत विल्यम क्रिव्हस्की यांनीं प्राणवायूबरोबर आर्गन हा उदासीन वायु फुंकून कर्ब जाळण्याची व क्रोमियम वांचविण्याची रीति दाखविली. १९६८ मध्यें ती कारखान्यांत आली आणि अठरा-आठ सर्व जगांत स्वस्त झालें.

भारतांत हें पोलाद सुरुवातीला परदेशांतूनच येई. १९६२ मध्यें खोपोलीस फ्रेंच साहाय्यानें महिंद्र युजिनची स्थापना झाली, १९६५ मध्यें दुर्गापूरचा मिश्रपोलादाचा सरकारी कारखाना चालूं झाला आणि १९८१ मध्यें सेलम येथें पातळ पत्रा लाटला जाऊं लागला. ज्या सेलमच्या मुलुखांत वुट्झच्या मुशी पेटत, त्याच मुलुखांत हा कारखाना उभा राहिला. मुंबईच्या उत्तरेस भाईंदर येथें भांडीं ओढण्याचे व घांसून चकचकीत करण्याचे कारखाने वाढले. घरोघर तीं भांडीं पोंचविणारी खरी व्यापारी मात्र बोहारीण. जुनीं लुगडीं, विजारी, सदरे द्यावयाचे व बदल्यांत एखादें पातेलें किंवा डबा घ्यावयाचा. तासभर घासाघीस झाल्याखेरीज हा सौदा पुरा होत नसे. लग्नांतील आहेर स्टीलचा झाला आणि त्यावर नांव व तारीख घालणारा कारागीर दुकानाच्या दारांतच बसूं लागला.

पिंपरीच्या परिसरांत या पोलादाला दुसरें, अधिक गंभीर काम मिळालें. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिन हा फार नाजूक पदार्थ. तांब्या-जस्ताचा अंश लागला तरी तो नासतो. आपल्या ताकाप्रमाणें तोहि कळकतो, असेंच म्हणावयाचें. अशा धंद्यांना जें पात्र पाहिजे, तें आपलें कांहीं न देणारें व दुसऱ्याचें कांहीं न घेणारें असावें लागतें. दापोडीस आल्फा लावलच्या कारखान्यांत दुग्धालयांचीं यंत्रें होऊं लागलीं, तेथेंहि तीच गरज. पुढें मोटारी आल्या. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे कडक नियम देशभर लागू झाले आणि धूर स्वच्छ करणारे नळकांडे अधिक तापूं लागले; त्यांसाठीं कमी क्रोमियमचें, निकेल नसलेलें व म्हणून स्वस्त असें याचेंच एक भावंड वापरतात. कुरुळी-चाकणच्या गाळ्यांत कामाला पत्रा येतो तो असा निरनिराळ्या धंद्यांच्या वाटांनीं.

या सर्व सोयीची किंमत कोणी दिली? पुण्यास कसबा पेठेंत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तेथें तांब्याचे हंडे-घागरी घडत. सकाळपासून ठोक्यांचा नाद चाले आणि ठोक्यांनीं अंगावर उठविलेल्या चकाकत्या खुणांच्या कामाला ‘मठारकाम’ म्हणत. स्टीलच्या पेल्याला ठोका लागत नाहीं; दाबयंत्राची एक हालचाल पुरे. तांबटांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांना लागलीं. कल्हईवाल्याचा तर धंदाच बुडाला, कारण पोलाद आपली कल्हई आपण करूं लागलें होतें. त्याच्या हातीं भाता, नवसागर व कथील यांखेरीज दुसरें भांडवल नव्हतें, आणि दुसरा धंदा शिकविण्याची तसदीहि कोणी घेतली नाहीं. गृहिणीची सुटका झाली ही गोष्ट खरीच आहे व ती लहान नाहीं. पण ज्या हिशेबांत तिची सुटका मांडली जाते त्यांत कल्हईवाल्याचें नांव सहसा नसतें. तांबट आळींत थोडीं घरें आजहि ठोके घालतात. त्यांचें गिऱ्हाईक आतां बहुधा शोभेसाठीं किंवा तांब्याच्या पाण्यासाठीं भांडें घेणारें असतें.

आतां तळाशीं आंकडा नसलेल्या वाटीकडे वळावें. निकेल महाग आहे आणि भारताला तें जवळ जवळ सर्व बाहेरून आणावें लागतें. क्रोमियमची खनिज माती ओडिशांतील सुकिंदा खोऱ्यांत विपुल आहे. आपल्याकडे कणकवलीजवळ वागदें-जानवली भागांतहि तिचे थोडे साठे आहेत. निकेलच्या जागीं मँगॅनीज व नायट्रोजन घालूनहि ती मऊ मांडणी टिकवितां येते, हें अमेरिकेंत १९५० नंतरच्या निकेलटंचाईंत सिद्ध झालें. त्या जातींना २०१, २०२ असे दोनशेंच्या मालिकेंतले आंकडे आहेत. मँगॅनीज तर नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून शंभरांहून अधिक वर्षें निघत आहे. भारतीय कारखान्यांनीं ही मालिका उचलली आणि आज येथील भांड्यांचा मोठा भाग तिच्यांतला असतो. कांहीं देशी प्रकारांत निकेल शेंकडा एकाच्या आसपासच राहतें. त्यांत पाप कांहीं नाहीं. कोरड्या डब्याला, ताटाला तें पोलाद पुरतें, आणि गरीब घराला तें परवडतें. अडचण अशी कीं, मिठाशीं व आंबटाशीं तें अठरा-आठइतकें टिकत नाहीं, अंगावर तपकिरी ठिपके उठतात. आणि दुकानांत दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच चकाकींत, पुष्कळदां सारख्याच किंमतींत उभीं असतात.

घरगुती परीक्षा म्हणून चुंबक लावून पाहण्याची चाल आहे. तिचा येथें उपयोग नाहीं. दोनशेंच्या मालिकेलाहि चुंबक चिकटत नाहीं. उलट अस्सल ३०४ चा पेला खोल ओढतांना कांठाकडे थोडासा चुंबकीय होऊं शकतो, आणि गिऱ्हाईक खरा माल परत करून दुसरा घेऊन जातें. तीच गत मोठ्या व्यवहारांत. टांकी ३०४ ची म्हणून घ्यावी, कोंकणांतील खाऱ्या हवेंत ठेवावी आणि दोन पावसाळ्यांत तिला छिद्रें पडावीं, म्हणजे भांडण सुरू होतें. कारखान्यांत यासाठीं हातांत मावणारें क्ष-किरणांचें यंत्र असतें. तें पत्र्याला टेंकवितांच क्रोमियम, निकेल व मँगॅनीज किती तें सांगतें. गृहिणीजवळ तें नाहीं. १४ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें स्टीलच्या भांड्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचें करणारा आदेश काढला. ज्या मालावर अंगची जात लिहिलेली असते तोच घ्यावा, एवढें शहाणपण तरी ग्राहकाला त्यावरून घेतां येईल.

अठरा-आठचेंहि मिठाशीं संपूर्ण सख्य नाहीं. मिठांतील क्लोरीनचा अंश त्या पापुद्र्याला सुईच्या टोंकाएवढीं भोंकें पाडतो. लोणचें महिनोन्महिने स्टीलच्या डब्यांत ठेवूं नये, त्याला चिनी मातीची बरणीच खरी; आणि थंड पाण्यांत मीठ टाकून तें बुडाशीं बसूं देऊं नये, पाणी उकळल्यावर टाकावें. समुद्रकांठच्या कामाला शेंकडा दोन-तीन मॉलिब्डेनम मिसळलेलें ३१६ वापरतात. लोखंडी तारेच्या घासणीनेंहि बाधा होते, कारण तिचे कण पोलादांत रुतून राहतात व तेच गंजतात.

गाळ्यांतल्या जाणत्या कारागिराला ही शेवटची गोष्ट पक्की ठाऊक असते. साध्या लोखंडाचें काम व स्टीलचें काम तो एका बांकावर करीत नाहीं, घांसण्याचीं चाकेंहि वेगळीं ठेवतो. आर्गनच्या ज्योतीखालीं सांधा झाला कीं त्याच्या कडेला निळीजांभळी छटा येते. ती राहूं दिली तर गंज तेथूनच सुरू होतो. ती काढण्यासाठीं जो लेप लावतात त्यांत नत्राम्ल व हायड्रोफ्लोरिक आम्ल असतें. हें दुसरें आम्ल कातडींतून आंत शिरून हाडाचा चुना धरतें. प्रथम दुखतहि नाहीं, म्हणून अधिक घातक. हातमोज्याशिवाय त्याला शिवूं नये, आणि धुतलेलें पाणी चुन्यानें मारल्याशिवाय ओढ्यांत सोडूं नये, कारण या भागांतले ओढे इंद्रायणीला मिळतात आणि पुढें आळंदी आहे. वेल्डिंगचा धूर तर याहून फसवा. पोलादांतलें निरुपद्रवी क्रोमियम त्या उष्णतेंत कांहीं अंशीं विषारी रूप घेतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ मध्यें वेल्डिंगच्या धुराची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली. कल्हईवाल्याच्या नवसागराच्या धुरांत मुलें खेळत, तो उघड्यावरचा धूर होता. हा बंद गाळ्यांतला आहे. धूर ओढून घेणारा पंखा व तोंडावर योग्य जाळी यांचा खर्च कामाच्या किंमतींत धरला पाहिजे, आणि काम देणाऱ्यानें तो धरूं दिला पाहिजे. स्वस्त बोलीखालीं प्रथम कापला जातो तो हाच खर्च.

या पोलादाची खरी जात शेवटीं मोडीच्या वेळीं उघडी पडते. भंगारवाला स्टीलचे दोन ढीग करतो. जुनें अठरा-आठ एका बाजूला, मँगॅनीजचें दुसऱ्या बाजूला. पहिल्याला निकेलमुळें भाव बराच अधिक. विजेच्या भट्टींत तें पुन्हां वितळतें व त्याचाच नवा पत्रा होतो. पिंपरी-चिंचवडचा असा माल पुष्कळ वर्षें चिखलीजवळच्या कुदळवाडींत निवडला जाई. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील अनधिकृत बांधकामें मोठ्या प्रमाणावर पाडलीं. तेथल्या भंगाराच्या ढिगांत, कारखान्याच्या कतरणीबरोबर, लग्नाची तारीख कोरलेल्या ताटल्याहि येत.